अविवाहितांचे दत्तक

दत्तक हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम गादी उभी राहते. मूल मागाहून दिसते. याचे कारण आपल्या इतिहासात आहे. ग्वाल्हेरीस दौलतराव शिंदे १८२७ साली निवर्तले, तेव्हा बायजाबाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतले. तेही १८४३ साली निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या अल्पवयीन विधवा ताराबाई यांच्या मांडीवर जयाजीराव दिले गेले. बडोद्यास खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाई यांनी १८७५ साली कवळाण्याच्या शाखेतील गोपाळराव नावाचा मुलगा घेतला आणि तोच पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्तिमान झाला. सातारचे राज्य १८४८ साली आणि झाशीचे १८५४ साली खालसा झाले, ते दत्तक नामंजूर करूनच. पुढे १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा कोठे या घराण्यांचा जीव भांड्यात पडला.

या साऱ्या प्रसंगांत दत्तक घेणारा एकतर मरणशय्येवरचा राजा आहे, नाहीतर त्याची विधवा. लग्नच न केलेली व्यक्ती यांत कोठेही नाही. म्हणून आजच्या भाषणासाठी मी एक साधा प्रश्न घेतला आहे : जिचे लग्न झालेले नाही अशी स्त्री, किंवा ज्याचे लग्न झालेले नाही असा पुरुष, मूल दत्तक घेऊ शकतो काय? आजच्या कायद्याचे उत्तर ‘होय, काही मर्यादांसह’ असे आहे. परंतु या उत्तरापर्यंत येण्यास आपल्याला फार मोठा पल्ला चालावा लागला. त्या वाटचालीचा इतिहास पाहिला म्हणजे कळते की वाद वरवर विवाहाचा दिसला, तरी खरा वाद निराळाच होता. दत्तक कोणासाठी घ्यायचे, मेलेल्या पूर्वजांसाठी की जिवंत मुलासाठी, हा तो वाद होय.

जुन्या हिंदू धर्मशास्त्राची भूमिका या बाबतीत स्पष्ट होती. पुत्र हवा तो पितरांच्या पिंडोदकासाठी आणि वंशाचे नाव चालण्यासाठी. नंदपंडिताची दत्तकमीमांसा, दत्तकचंद्रिका आणि मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातील काशीस्थ नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख या ग्रंथांत दत्तकाचा जो विचार आहे, तो सर्व या पायावर उभा आहे. हा पाया एकदा मान्य केला की पुढचे नियम आपोआप निघतात. दत्तक घ्यावयाचा तो मुलगाच, मुलगी नव्हे; कारण मुलगी परक्या गोत्रात जाणार. दत्तक द्यावयाचा तो बापाने किंवा आईने. त्यामुळे ज्याला दोघेही नाहीत असे अनाथ मूल दत्तक देताच येत नसे, कारण ते देण्यास अधिकारी असा कोणी उरलेलाच नसे. ज्या मुलाला घराची गरज सर्वांत अधिक, नेमके तेच या व्यवस्थेच्या बाहेर पडत होते. हा त्या शास्त्राचा निर्दयपणा नव्हता. मुलाची सोय लावणे हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हता, इतकेच.

याच तर्काने अविवाहित पुरुषाला मात्र दत्तक घेता येत असे. त्याचे लग्न झालेले असो वा नसो, पितरांचे ऋण त्याच्या शिरावर होतेच. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही अविवाहित पुरुषाने व विधुराने घेतलेले दत्तक वैध मानले. स्त्रीची गोष्ट निराळी होती. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये वा घेऊ नये, अशा अर्थाचे वसिष्ठाचे एक वचन आहे आणि या एका वचनाचे हिंदुस्थानाच्या चार भागांत चार अर्थ झाले. मिथिलेत विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार मुळीच नाही. बंगालमध्ये पतीने हयातीत अनुज्ञा दिली असेल तरच आहे. मद्रासकडे पतीची अनुज्ञा नसल्यास सपिंडांची संमती चालते. आणि आपल्या महाराष्ट्रात पतीने मनाई केलेली नसेल तर त्याची संमती गृहीत धरावयाची. आपल्याकडील विधवा इतर प्रांतांतील विधवांहून या बाबतीत अधिक मोकळी होती, याचा मराठी माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु या मोकळेपणाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. विधवा जो पुत्र घेई तो स्वतःसाठी घेत नसे. ती मृत पतीसाठी घेई. ती केवळ हात होती. मूल ज्याच्या मांडीवर बसत असे तो पुरुष केव्हाच निघून गेलेला असे. मग जिला पतीच नाही, तिने कोणासाठी घ्यावे? बापाचा वंश तिचे भाऊ चालवीत, पतीचा वंश तिला नव्हता. शास्त्राने अविवाहित स्त्रीला दत्तकाचा अधिकार विचारपूर्वक नाकारला, असे म्हणणेही तितकेसे बरोबर होणार नाही. त्या चौकटीत ती दिसतच नव्हती.

हा दोष केवळ आपल्या शास्त्राचा आहे असे कोणी समजू नये. रोमन कायद्याने नेमकी हीच वाट चोखाळली होती. पत्नी नसलेला पुरुषही दत्तक घेऊ शकतो, असा पॉलस या रोमन विधिज्ञाचा अभिप्राय जस्टिनियनच्या संग्रहात आजही वाचावयास मिळतो. स्त्रीला मात्र तो अधिकार नव्हता. कारण दत्तक म्हणजे पितृसत्तेखाली घेणे, आणि स्त्रीच्या हाती पितृसत्ता कोठून असणार? इसवी सन २९१ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने, जिची मुले वारली आहेत अशा स्त्रीला सांत्वन म्हणून दत्तकाची सवलत दिली. पण ती सवलत होती, हक्क नव्हे. गंगेच्या काठी आणि टायबरच्या काठी दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांनी एकच गोष्ट लिहून ठेवली : एकट्या पुरुषाला मूल घेता येते, एकट्या स्त्रीला नाही.

तथापि, श्रोतेहो, लग्न न केलेल्या स्त्रिया मुली दत्तक घेत नव्हत्या काय? घेत होत्या, आणि आपल्याच भागात घेत होत्या. नायकिणी, कलावंतिणी, देवदासी या वर्गांत आईकडून मुलीकडे घर चाले. मुलगी नसेल तर दुसऱ्याची मुलगी घेऊन तिला गाणे-नाचणे शिकवावे, म्हातारपणी तिने सांभाळावे आणि मागे मालमत्ताही तिलाच जावी, अशी त्यांची रूढी होती. हा प्रश्न १८८० साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला. नायकिणीने घेतलेली मुलगी ही कायद्याच्या दृष्टीने दत्तक कन्या ठरते काय? न्यायालयाने ही रूढी मानण्यास नकार दिला. अनीतीच्या धंद्यासाठी मुली घेण्याच्या चालीला कायद्याचे संरक्षण देता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. मद्रासच्या उच्च न्यायालयाने पुढे अशा दत्तकाबाबत याहून सौम्य धोरण स्वीकारले.

मुंबईच्या निर्णयामागचा हेतू समजण्यासारखा आहे. अज्ञान मुलींचा त्या धंद्यासाठी क्रयविक्रय करणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेनेच गुन्हा ठरविला होता आणि मुलींचे रक्षण करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच होते. परंतु या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की, मूल घेणारी अविवाहित स्त्री कायद्याच्या दप्तरात प्रथम आली तीच मुळी संशयिताच्या रूपाने आली. एकटी बाई मूल घेते म्हणजे हेतू काय असावा, हा प्रश्न त्या काळापासून तिच्या मागे लागला. आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातच महाराष्ट्रात दुसराही एक प्रवाह सुरू झाला होता. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपला मुलगा म्हणून वाढविले. पंढरपुरास १८७५ साली असाच अनाथ बालकाश्रम निघाला. येथे गादी नव्हती, पिंडाची चिंता नव्हती. पुढे होते ते टाकलेले मूल. कायद्याच्या पुस्तकाला जे अद्याप सुचले नव्हते ते या माणसांनी आचरून दाखविले होते.

कायदा बदलण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली. हिंदू कायद्याच्या संहितीकरणासाठी १९४१ साली बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री या नात्याने हिंदू कोड बिल पुढे रेटले आणि ते रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर त्या एका विधेयकाचे चार कायदे झाले आणि त्यांतील शेवटचा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम डिसेंबर १९५६ मध्ये अमलात आला.

या कायद्याने दत्तकाचा जुना वाडा बहुतांशी पाडून नवा बांधला. मुलगा व मुलगी दोघेही दत्तक घेता येऊ लागली. दत्तहोम आवश्यक राहिला नाही. देणे आणि घेणे हे पुरेसे ठरले. आणि आठव्या कलमाने सज्ञान व सुस्थिर मनाच्या अविवाहित हिंदू स्त्रीला, तसेच विधवेला व घटस्फोटितेला, स्वतःच्या नावाने मूल घेण्याचा अधिकार दिला. पुढे १९६२ साली नववे कलम दुरुस्त झाले आणि टाकलेल्या किंवा ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत अशा मुलालाही पालकाने न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देता येऊ लागले. अविवाहित स्त्री आणि अनाथ मूल, ज्या दोघांना जुन्या शास्त्राने पाहिलेच नव्हते, ती दोघेही सहा वर्षांच्या अंतराने एकाच कायद्यात आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या कायद्याची तीन-चार कलमे तर मोठी मनोवेधक आहेत. अविवाहित पुरुष मुलगी घेणार असेल, किंवा स्त्री मुलगा घेणार असेल, तर दोघांच्या वयांत निदान २१ वर्षांचे अंतर हवे. एकट्या व्यक्तीने दत्तक घेतल्यावर पुढे लग्न केले, तर पुरुषाची पत्नी त्या मुलाची सावत्र आई होते आणि स्त्रीचा पती सावत्र बाप होतो. म्हणजे मुलाचे पहिले नाते अबाधित राहते. विधवेच्या बाबतीत मात्र जुनी सावली पुरती हटली नव्हती. विधवेने घेतलेले मूल तिच्या मृत पतीचेही मूल ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले. मूल सर्वस्वी आपले एकटीचे म्हणण्याचा अधिकार अशा रीतीने अविवाहित स्त्रीलाच अधिक मिळाला.

याहून मोठे नवल पुढेच आहे. या कायद्याने अविवाहित स्त्रीला दत्तकाचा अधिकार दिला, पण नांदत्या विवाहित स्त्रीला दिला नाही! दत्तक घ्यावयाचे ते पतीने. पत्नीने केवळ संमती द्यावयाची. २०१० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षे, ही स्थिती होती. बहिणींपैकी धाकटी अविवाहित राहिली तर तिला मूल घेता येई. थोरली संसारात असेल तर तिला स्वतःच्या नावाने ते घेता येत नसे. जे स्वातंत्र्य कुमारिकेला मिळाले ते सौभाग्यवतीला मिळण्यास अर्धे शतक जावे लागले, यावरून पतीच्या घरातील जुना पाया किती खोल होता हे दिसते.

आता या कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिलेल्यांकडे वळू. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि यहुदी यांना दत्तकाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. त्यांच्यापुढे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम तेवढा होता. त्या कायद्याने मुलाचा सांभाळ करता येई, पण मूल आपले होत नसे. सांभाळणारा हा न्यायालयाने नेमलेला पालक. मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्याच्या दृष्टीने संपले. नाव नाही, वारसा नाही.

गोव्यातील स्थिती अधिकच चमत्कारिक होती. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. रोमन कायद्याचा एवढा मोठा वारसा सांगणाऱ्या त्या संहितेने दत्तकाची संस्था मात्र वगळून टाकली होती. गोव्यातील हिंदूंच्या रूढींना १८८० च्या फर्मानाने वेगळी मान्यता दिली, त्यात दत्तकाला जागा राहिली. कॅथलिक कुटुंबांना ती वाट नव्हती. पोर्तुगालने आपल्या १९६६ च्या नव्या संहितेत दत्तक पुन्हा आणले. परंतु तोवर, १९६१ साली, गोवा मुक्त झालेला होता आणि तेथे जुनीच संहिता चालू राहिली. मायदेशाने चूक दुरुस्त केली, ती दुरुस्ती गोव्यापर्यंत पोहोचलीच नाही.

धर्मसभेचा स्वतःचा कायदा या बाबतीत नागरी कायद्याच्या मागून चालतो. नागरी कायद्यानुसार दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्याचेच मूल समजावे, असे धर्मसभेच्या १९८३ च्या संहितेतील ११० वे कलम सांगते. पण जेथे नागरी कायद्यात दत्तकच नाही, तेथे धर्मगुरू तरी बाप्तिस्म्याच्या वहीत काय लिहिणार? वसईपासून गोव्यापर्यंतच्या आमच्या कॅथलिक घरांत लग्न न केलेली आत्या किंवा मावशी ही नित्याची व्यक्ती आहे. बाळंतपणात वारलेल्या बहिणीचे मूल, परगावी नोकरीस गेलेल्या भावाचे मूल, कधी अनाथालयातून आणलेले मूल तिनेच वाढवावे, ही रीत जुनी आहे. शाळेच्या नोंदवहीत ‘पालकाचे नाव’ या रकान्यापुढे ‘विद्यार्थ्याशी नाते’ असा एक रकाना असतो. शिक्षक म्हणून तो रकाना भरताना मी पाहिले आहे की ‘आई’ हा दोन अक्षरी शब्द लिहिण्यापूर्वी काही बायकांचा हात थबकतो आणि मग त्या ‘मावशी’, ‘पालक’, ‘धर्ममाता’ असे काहीतरी सांगतात. मूल शेजारी उभे राहून ते ऐकत असते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. अशी स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिने वाढविलेल्या मुलाला तिच्या घरातील एक भांडेही कायद्याने मागता येत नसे. भाऊ-पुतणे वारस ठरत. मृत्युपत्र केले तरी ते वादात पडण्याची भीती असे, आणि गोव्यात आईवडील हयात असतील तर सर्व मालमत्ता मृत्युपत्राने देण्याचीही मोकळीक नव्हती. वीस वर्षे ज्याला ‘माझे मूल’ म्हटले ते एका दिवसात परके ठरे.

सर्व धर्मांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचा प्रयत्न १९७२ साली झाला आणि पुन्हा १९८० साली झाला. दोन्ही विधेयके कायद्याच्या रूपाला पोहोचली नाहीत. दत्तक आपल्या धर्मात नाही, असा आक्षेप काही समाजांतून आला आणि राज्यकर्त्यांनी माघार घेतली. अखेर जे मुख्य दारातून शिरता आले नाही ते बाजूच्या दारातून आले. परदेशी जाणाऱ्या दत्तक मुलांच्या संबंधात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सविस्तर नियम घालून दिले. त्या निर्णयाचा सारा भर मुलाच्या हितावर होता. त्यातून १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था, आजचे ‘कारा’ प्राधिकरण, जन्मास आली. मग २००० सालच्या बाल न्याय अधिनियमात अनाथ, टाकलेल्या आणि आईबापांनी स्वाधीन केलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा एक मार्ग म्हणून दत्तक आले. त्यात घेणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता, आणि एकट्या व्यक्तीलाही मूल देता येईल असे म्हटले होते. २००६ च्या दुरुस्तीने ते अधिक स्पष्ट केले : वैवाहिक स्थिती कोणतीही असली तरी व्यक्तीस मूल दत्तक देता येईल आणि ते मूल सर्व हक्कांसह तिचे औरस मूल समजले जाईल.

तरीही धर्माची शंका शिल्लक होती. शबनम हाश्मी यांच्या २००५ च्या अर्जावर निर्णय देताना १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या अधिनियमाखाली कोणत्याही धर्माच्या माणसास दत्तक घेता येते. ज्याला आपल्या व्यक्तिगत कायद्यानुसार वागावयाचे असेल त्याने तसे वागावे, पण ज्याला या कायद्याचा आधार घ्यावयाचा असेल त्याला कोणी अडवू शकत नाही. १८७० मध्ये बंद झालेले दार कॅथलिक अविवाहित स्त्रीसाठी असे उघडले.

आणि दार उघडताच आमच्याच घरात मतभेद झाला. ऑगस्ट २०१५ पासून नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत कोणत्या पालकांना मूल द्यावे याची निवड संस्थांच्या हातून जाऊन मध्यवर्ती यादीकडे गेली, आणि त्या यादीत अविवाहित व घटस्फोटित व्यक्तीही होत्या. मदर तेरेजा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाने हे सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून त्याच वर्षी दत्तक देण्याचे काम थांबविले. या निर्णयाची थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. मुलाला आई व बाप दोघेही मिळावेत, हा विचार तुच्छ लेखण्याजोगा नाही. लग्न हा मुलाच्या संगोपनाचा भक्कम आधार आहे, असे मीही वर्गात शिकविले आहे.

परंतु त्याच भगिनींकडे पाहिले असता मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. ज्या स्त्रियांनी रस्त्यावरची मुले उचलून आणली, रात्री जागून त्यांचा ताप उतरविला, त्यांना पहिला घास भरविला, त्या सर्व अविवाहितच होत्या. अविवाहित स्त्रीच्या ठिकाणी मातृत्व असू शकते, याचा याहून मोठा पुरावा आमच्या धर्मसभेला आणखी कोठे शोधावा लागणार आहे? संघाच्या आश्रमात जे वात्सल्य पवित्र मानले जाते, ते एखाद्या शिक्षिकेच्या दोन खोल्यांच्या घरात संशयास्पद का ठरावे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. तान्ह्या बाळासाठी रांग लावून उभ्या असलेल्या दांपत्यांची उणीव नाही, हे खरे आहे. पण सहा वर्षांचे, दहा वर्षांचे, किंवा अपंग मूल संस्थेच्या खिडकीशी बसून असते. त्याच्यापुढे दोन पालक की एक हा प्रश्न क्वचितच असतो. त्याच्यापुढे एक की एकही नाही, असा प्रश्न असतो.

आज या बाबतीत नियम काय आहेत ते थोडक्यात सांगतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ५७ वे कलम अविवाहित किंवा घटस्फोटित व्यक्तीस दत्तक घेण्याची मुभा देते; मात्र एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे एकट्या व्यक्तीचे वय ४० पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचे मूल, ४५ पर्यंत असेल तर दोन ते चार वर्षांचे, ५० पर्यंत असेल तर चार ते आठ वर्षांचे आणि ५५ पर्यंत असेल तर आठ ते अठरा वर्षांचे मूल घेता येते. मूल व पालक यांच्या वयांत सामान्यतः निदान २५ वर्षांचे अंतर हवे. अर्ज काराच्या नोंदणीतून होतो, समाजसेवक घरी येऊन चौकशी करतो, आणि अखेरचा आदेश पूर्वी न्यायालय देई तो सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. हिंदूंना १९५६ च्या कायद्याची वाट स्वतंत्रपणे खुली आहेच.

यातील विसंगती चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आली असेल. १९५६ च्या कायद्याप्रमाणे २१ वर्षांचे अंतर ठेवून अविवाहित हिंदू पुरुष आप्ताची मुलगी घेऊ शकतो; २०१५ च्या कायद्याप्रमाणे संस्थेतील मुलगी त्याला घेता येत नाही. इंग्लंडच्या १९२६ च्या पहिल्या दत्तक कायद्यातही एकट्या पुरुषाला, विशेष कारण असल्याशिवाय, मुलगी देऊ नये असे होते. पण तेथे विशेष कारणाची फट होती, आपल्याकडे तीही नाही. तसेच लग्न न करता एकत्र राहणाऱ्या दोघांना मिळून दत्तक घेता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने तो नियम कायम ठेवला. म्हणजे जुन्या शास्त्रात एकटी स्त्री बाहेर होती आणि एकटा पुरुष आत होता. आज संशयाचा काटा काही अंशी उलट फिरला आहे. मुलींच्या रक्षणासाठी सावधगिरी हवी, याबद्दल दुमत नाही. मात्र ती सावधगिरी प्रत्येक घराच्या चौकशीतून यावी की सरसकट बंदीतून, याचा विचार पुढच्या पिढीला करावा लागेल.

श्रोतेहो, बायजाबाईंच्या काळी दत्तक हा गेलेल्या माणसासाठी होता. आता तो येणाऱ्या माणसासाठी आहे. हा पालट पूर्ण व्हावयाचा तर केवळ कायदा पुरणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी लग्न न केलेल्या एखाद्या मावशीने किंवा काकाने परक्याचे मूल पोटच्यासारखे वाढविले आहे, त्यांनी एवढे तरी करावे. मूल अद्याप अज्ञान असेल तर त्या मावशीला जिल्हा बाल संरक्षण कक्षात नेऊन नात्याची कागदोपत्री नोंद कशी करता येईल हे विचारावे. मूल मोठे झाले असेल तर वेळीच मृत्युपत्र करवून घ्यावे. माया तिने केली आहे. कागद करून देण्याचे काम तरी आपले आहे.